बिनमिठाची पेन्शन

सरकारकडून पैसे घ्याचे असले तं चपला झिजतात, हे मले मालूम होतं गड्याहो. पन मी तं द्याले चाललो होतो! देनाऱ्याले या दुनियेत कोन अडवते? म्हनून मी भर मंदिराच्या ओट्यावर आजीचा हात हातात घेतला अन् एखादा मंत्री बोलते तसा बोललो, "आजी, दोन दिवस! तिसऱ्या दिवशी तू वरनात मीठ टाकून जेवशीन. हा पुनीतचा शब्द हाय!"

आजूबाजूच्या बायाईनं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या आठवल्या तं अजून गालावर वाजल्यासारख्या वाटतात!

थांबा, पैल्यापासून सांगतो, नाई तं तुमी मधातच हसान. फक्त तालुक्याचं नाव विचारू नोका. वाशिम जिल्ह्यात सहा तालुके हायेत, त्यातला कोनता बी धरा. मले त्या तहसील ऑफिसात अजून कामं पडनार हायेत!

तं आजी. भागिरथीबाई. वय चौऱ्याहत्तर, वजन चाळीस किलो, अन् जिद्द म्हनसान तं ट्रॅक्टरले ओढून नेईन अशी. तिले सरकारची म्हाताऱ्या गरीब मानसाची पेन्शन भेटे, महिन्याचे दीड हजार. कायद्यात बसतच होती. आमच्या पप्पाचं, म्हनजे मिश्रीलालचं, बांगड्या-टिकल्याचं दुकान. त्या दुकानाची कमाई अशी, की दुकानातला बल्ब बी घरच्या पैशानं जळे! आजी पेन्शनमधला एक रुपया काढे नाई. तिले शिखरजीच्या यात्रेले जाचं होतं, त्यासाठी सगळे खात्यात जमा.

मंग मांगच्या डिसेंबरात मले नोकरी लागली. वाशिमले, बियान्याच्या कंपनीत, कॉम्प्युटरवर. अकरा महिन्याचं काँट्रॅक्ट, महिन्याचे चौदा हजार! घरात पेढे वाटले, आजीनं माही दृष्ट काढली, अन् पेन्शनचं कोनाच्या ध्यानातच आलं नाई.

आलं ते भादव्यात. आमचं जैनाईचं दशलक्षण पर्व चालू होतं. तिसऱ्या दिवशी उत्तम आर्जव, म्हनजे मन साफ ठेवाचं, कपट कराचं नाई. पंडितजीनं दीड तास त्याच्यावर प्रवचन देल्लं. आजी घरी आली, पानी पेली अन् मले बोलावलं.

"पुनीत, तुहा पगार सुरू होऊन किती महिने झाले?"

"नऊ."

"अन् माही पेन्शन कायची हाय?"

"म्हातारपनाची."

"गरिबीची हाय बाबू. घरात चौदा हजार येऊन राह्यले, अन् मी गरीब म्हनून अंगठा लावून राह्यली. याले काय म्हनते?"

"आजी, सरकारले काय फरक पडते व?"

"मले पडते ना! अशा पैशानं शिखरजीले गेली तं पैली पायरी तरी चढू देईन का मले?"

म्या म्हनलं, इसरन. आजी इसरली नाई. पर्व संपलं, क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी मंदिरात सगळे एकमेकाईची माफी मांगतात. आजीनं सुनेची मांगली, शेजारच्या गोमतीबाईची मांगली, दूधवाल्याची मांगली. सगळे संपले. तरी बुढी हात जोडून उभीच! "एक जन राह्यला," म्हने, "सरकार." अन् अख्ख्या मंदिराले ऐकू जाईन एवढ्या मोठ्या आवाजात तिनं नेम घेतला, "सरकार हे साडेतेरा हजार वापस घेत नाई तोवर मले मिठाचा त्याग!"

माह्या तोंडातून तो दोन दिवसाचा शब्द गेला तो इथं.

घरी आल्यावर मम्मीनं मिठाचा डबा उचलून सर्रकन फळीवर टाकला. "आत्याबाई अळणी खातीन अन् मी मीठ खाऊ? लोकं काय म्हनतीन?" एका घरात दोन भाज्या शिजवाले तिनं साफ नकार देल्ला. म्हनजे नेम आजीचा, शिक्षा पाच जनाले! अळणी वरन कधी खाल्लं का तुमी? भिंतीले भिजवून चाटल्यासारखं लागते! माही बहीन जिनल तं दुसऱ्याच दिवशी म्हने, "दादा, मले होस्टेलले टाक!"

सोमवारी मी सुट्टी टाकली. बँकेतून साडेतेरा हजार काढले, पाकिटात भरले अन् ऑफिसात पेन्शनच्या टेबलापाशी जाऊन उभा राह्यलो. टेबलावर मदनसिंग बाबू. चष्मा नाकाच्या टोकावर, समोर फायलीचा डोंगर.

"काय पायजे?"

"पायजे नाई साहेब, द्याचे हायेत!" म्या मोठ्या झोकात पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

मदनसिंग बाबू खुर्चीसकट तीन फूट मांगं सरकले! दोन्ही हात वर! "ए! उचल ते! उचल! पाहा व सगळे, म्या हात नाई लावला! साक्षीदार राहा! कोनी पाठवलं रे तुले?"

अख्खं ऑफिस उठून उभं राह्यलं. चपराशी दाराकडे पाहे, की आता लाचवाल्याईले पकडनारे कुठून शिरतात. एका मॅडमनं तं घाईघाईनं स्वतःचाच ड्रॉवर लॉक केला! मी पाकीट उचललं, खिशात घातलं अन् सगळी कहानी सांगतली. आजी, पगार, पर्व, मीठ.

मदनसिंग बाबूनं पानी पेलं. मंग पुसलं, "म्हनजे तुमाले पेन्शन वापस द्याची हाय? आपल्या मनानं?"

"हो."

"माह्या बावीस वर्साच्या नोकरीत असा मानूस आला नाई. पेन्शन चालू कराचा फॉर्म हाय. बंद झालेली चालू कराचा हाय. जिवंत असल्याचा हाय. वापस कराचा नाई!"

"मंग?"

"पैले उत्पन्न बदलल्याचं कळवा. ऑनलाईन होते. मंग पाहू."

ऑनलाईन! गड्याहो, तो शब्द ऐकला अन् माह्या अंगात जीव आला. कॉम्प्युटरवर तं मी राजा! घरी आलो, मोबाईल काढला, आजीच्या आधारचा नंबर टाकला. "उत्पन्नात बदल" असं खानं आलं. पैले तिथं वीस हजार होतं. म्या ते खोडून थाटात माहा पगार टाकला, चौदा हजार! बटन दाबलं. "आपला अर्ज स्वीकारला" असं आलं. म्या जिनलले म्हनलं, "पाह्य! याले म्हनते शिक्षन!"

आठ दिवसानं आजीचा फोन टुंग वाजला. जिनलनं मेसेज वाचला अन् तिच्या तोंडचा घासच थांबला.

"दादा, आजीच्या खात्यात सहा हजार आले."

"गेले म्हन!"

"आले!"

मी धावत मदनसिंग बाबूकडे. त्याईनं कॉम्प्युटरात पाह्यलं अन् कपाळाले हात लावला. "अबे, ते खानं वर्साच्या उत्पन्नाचं होतं! तूनं महिन्याचं टाकलं! आधी तुमचं घर वर्साले वीस हजार कमवे, आता चौदाच कमवते. म्हनजे तुमी अजून गरीब झाले! मांगं अंगठा जुळत नाई म्हनून चार हप्ते अडकले होते, ते बी सुटले!"

साडेतेरा होते, साडेएकोनीस झाले! आजीनं आकडा ऐकला, डोळे मिटले अन् म्हने, "उत्तम क्षमा." मलेच म्हने का सरकारले, ते समजलं नाई.

आता ऑफिसाच्या चकरा सुरू झाल्या. मंगळवारी मी, गुरवारी मी, कधी आजी बी सोबत. ती रांगेत उभी राहे, काठी टेकून. गावानं पाह्यलं. अन् गावाले अर्धं दिसलं तं उरलेलं ते स्वतः रचते! बाजारात बातमी फिरली, "मिश्रीलालचं दुकान बसलं. पोट्टा कमावते, पन देत नाई. बुढीले पेन्शनच्या रांगेत उभं केलं. घरात मीठ बी नाई म्हने!"

शेवटचं खरंच होतं, सांगा काय करता!

पैल्या आल्या गोमतीबाई. पदराखालून मिठाचा पुडा काढला, मम्मीच्या हातात कोंबला. "कोनाले सांगू नोको व बाई, वेळ कोनावर बी येते." मंग ललिताबाई. मंग पप्पाच्या दुकानाच्या बाजूचा चपलावाला. चार दिवसात घरात अकरा पुडे मीठ जमलं! फळी वाकली! अन् त्या फळीखाली बसून आमी पाच जन अळणी भोपळा खाऊन राह्यलो होतो. अशी दशा मीठ पिकवनाऱ्याची बी होत नसन!

त्याच आठवड्यात एक गोष्ट झाली, घरी सांगू नोका. मी स्टँडवर लपून कचोरी खाले गेलो. पैला घास घेतला अन् गाड्याच्या मांगं कोनीतरी खोकललं. पाह्यतो तं पप्पा! हातात दोन समोसे!

"तू इथं कायले?" पप्पा.

"तुमी कायले?"

पप्पानं एक समोसा माह्या हातात देल्ला. मंग पप्पा म्हने, "चटनी घे, चांगली हाय." त्या दिवसापासून आमचं बाप-लेकाचं जमते!

म्या ऑफिसात सहा पानाचा अर्ज देल्ला, की आमी गरीब नाई, येऊन पाहून जा. अन् खरंच एक साहेब चौकशीले आले! मी खुश. म्या ओट्यावर पंखा लावला, नवी चादर टाकली, माही सॅलरी स्लिप फाईलमंधी घालून समोर ठेवली. आता घराची श्रीमंती दिसल्याशिवाय राहत नाई!

साहेब भले मानूस. भर उन्हातून आलेले. मम्मीनं पोहे केले. साहेबानं एक चमचा खाल्ला. थांबले. दुसरा चमचा खाल्ला. मम्मीकडे पाह्यलं.

"ताई, मीठ…?"

"नाई ना साहेब," मम्मी मान खाली घालून म्हने, "महिना झाला, घरात कोनीच मीठ खाल्लं नाई."

साहेबाचे डोळे भरून आले. त्याईची नजर फळीवर गेली. "अन् ते पुडे?"

"ते शेजाऱ्याईनं आनून देल्ले," जिनल मधातच बोलली. मी तिच्या पायावर पाय देल्ला, पन उशीर झाला होता!

"साहेब, ते तसं नाई," म्या म्हनलं, "आजीचा नेम हाय, आमी खाऊ शकतो पन…"

"समजलं," साहेब म्हने अन् माह्या खांद्यावर थोपटलं. "लाज वाटू देऊ नको. मी बी गरिबीतूनच आलो." सॅलरी स्लिप त्याईनं उघडली बी नाई. उरलेले पोहे मात्र सगळे संपवले, अन्नाचा मान म्हनून. पोह्यापेक्षा त्याईचे आसूच खारट असतीन!

पंधरा दिवसात अहवाल आला. "कुटुंब शेजाऱ्यांच्या दानावर गुजराण करते. घरी मीठही उपलब्ध नाही. वृद्धेची पेन्शन कोणत्याही परिस्थितीत बंद करू नये." खाली अजून एक ओळ, "मिश्रीलाल यांचे नाव अति गरीब धान्य यादीत घ्यावे." अन् पाठोपाठ पस्तीस किलो धान्य दारात!

आजीनं त्या पोत्याकडे पाह्यलं. "हे बी वापस जाईन तवाच मीठ," म्हने, अन् माळ घेऊन बसली. पोतं मी उलट्या पावली राशनच्या दुकानात नेऊन टाकलं अन् पावती मांगतली. दुकानदारानं माह्याकडे असं पाह्यलं, जसं म्या त्याची किडनी मांगतली! पन घेतलं बाप्पा.

मधात दिवाळी आली. अळणी चिवडा! अळणी शेव! चकलीले चावलं तं ती बी दुखी होती. पाहुने येत, एक घास घेत, अन् "पोट भरून आलो" म्हनून उठत. दरवर्सी चार दिवसात संपनारा फराळ औंदा तसाच्या तसा डब्यात! मी कंपनीत सुट्ट्या टाकू टाकू थकलो. मॅनेजर म्हने, "पुनीत, तुझ्या आजीचं नक्की काय चालू हाय?" म्या सांगतलं. त्याईले वाटलं मी थापा मारून राह्यलो.

अन् दिवाळीनंतर पाचव्या दिवशी, आजी देवपूजा करता करता खाली बसली ते उठलीच नाई.

हसनं बंद झालं त्या दिवशी. आजी आमाले ओळखे नाई नीट. मले "मिश्री" म्हने, पप्पाले "बाबूजी" म्हने. रिक्षात घातलं, डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं. डॉक्टर बाहेर आले अन् पप्पावर खेकसले, "सोडियम पार उतरलंय! या वयात मीठ बंद करतात का? कोणाची अक्कल ही?"

पप्पानं माह्याकडे पाह्यलं. म्या सरकारकडे पाहावं म्हनलं, पन तिथं सरकार नोतं.

डॉक्टरनं सलाईन लावाले घेतलं. थोडं शुद्धीवर असलेली आजी, डोळे अर्धे मिटलेले, हळूच म्हने, "डॉक्टर, या बाटलीत काय हाय?"

"सलाईन हाय आजी."

"त्यात मीठ असते का?"

डॉक्टर खरं बोलनारा मानूस! "असते ना, मिठाचंच पानी हाय ते."

आजीनं हात मांगं घेतला. "मंग नोको."

"अहो, तोंडानं नाई, नसेतून देतोय!"

"अंगात तं जाते ना? नेम तोंडानं नाई घेतला म्या, मनानं घेतला."

डॉक्टरनं मले कोपऱ्यात घेतलं. "उद्यापर्यंत थांबता येणार नाही. तिला समजावा, नाही तर मी जबरदस्ती करीन, अन् ते मला करायचं नाही."

मी मोटरसायकल काढली. दुपारचे दोन वाजले होते. ऑफिसात शिरलो, मदनसिंग बाबूच्या टेबलापाशी पोहोचलो, अन् गड्याहो, सांगाले लाज वाटते, भर ऑफिसात मोठ्यानं रडलो. "माही आजी मरून राह्यली बाबू! पैसे घ्या! कोनत्या बी नावानं घ्या, पन घ्या!"

मदनसिंग बाबूनं चष्मा काढला. बावीस वर्साची नोकरी बाजूले ठेवली अन् फळीवरून एक जुनी पिवळी फाईल काढली. "एक रस्ता हाय. पैसे वापस घ्याले नियम नाई, पन वसूल कराले हाय. वसुली कराची तं नोटीस लागते. नोटीस काढाची तं तक्रार लागते."

"कोनाच्या विरोधात?"

"आजीच्या."

"कोन करन?"

त्याईनं पेन माह्या हातात देल्ला.

"हे पैल्याच दिवशी काहून नाई सांगतलं?"

"पैल्या दिवशी तूनं पाकीट काढलं, माही बोलतीच बंद झाली! अन् सख्ख्या आजीवर नातू तक्रार करन, असं डोक्शात येते का कोनाच्या? लिही!"

म्या लिहिलं. ते सांगत, मी लिहे. "सदर महिला हिने शासनाची दिशाभूल करून…" कागदावर टपटप पानी पडे. ते म्हनत, "पुसू नोको, शाई पसरते." शेवटी खाली नाव, सही, अन् "सदर महिलेशी नाते" या खान्यात "नातू". मोठे साहेब बैठकीतून येईपर्यंत मदनसिंग बाबू दारात उभे राह्यले, सही घेतली, शिक्का स्वतः मारला. मधातले दोन हप्ते धरून साडेबावीस हजार. चलन घेऊन मी बँकेत धावलो. खिडकी बंद होऊन राह्यली होती, म्या तिच्यात हात घातला! कॅशियर म्हने, "हात काढ!" म्या म्हनलं, "पैले पैसे घ्या!"

पावती हातात पडली तवा घड्याळात सव्वापाच. अन् मले आठवलं, आजी सूर्य बुडल्यावर पानी बी घेत नाई! म्हनजे आता गेलो नाई तं पार सकाळ! गाडी अशी हानली, की बाजारातले कुत्रे बी बाजूले झाले.

दवाखान्यात खिडकीतून पिवळं ऊन अजून पलंगावर पडलं होतं. "आजी! घेतले! सरकारनं घेतले!"

"वाच," आजी म्हने. आवाज असा, जसा दुसऱ्या खोलीतून आला.

म्या नोटीस वाचली. "आपण शासनाची दिशाभूल करून…"

"दिशाभूल म्हनजे काय रे?"

"फसवनं आजी," म्या खाली मान घालून म्हनलं.

"हं. बरोबर हाय. वाच पुढं."

सगळी वाचली. पावती तिनं हातात घेतली, शिक्क्यावरून बोट फिरवलं. मंग डॉक्टरसमोर हात लांब केला. "लाव बाबू. पन वरन पैले."

मम्मीनं डब्यातून वरन काढलं. दोन महिन्यानं पैल्यांदा मीठ टाकलेलं. आमी सगळे पलंगाभोवती. आजीनं एक घास घेतला. चावला. गिळला. मम्मी पदराले डोळे पुसून राह्यली होती.

"मीठ जास्त झालं," आजी म्हने.

असा आनंद झाला गड्याहो! पप्पा बाहेर जाऊन रडले. आता आजी चांगली हाय, सकाळी मंदिरात जाते, चालता चालता मले शिव्या बी घालते.

एवढीच गोष्ट हाय. म्हनजे, एवढीच म्हनलं तं चालते. त्याच दिवशी संध्याकाळी कंपनीचा मेसेज आला होता. अकरा महिन्याचं काँट्रॅक्ट संपलं. माह्या दोन महिन्यातल्या सुट्ट्या मोजल्या त्याईनं, सतरा निघाल्या. पुढचं काँट्रॅक्ट नाई. मदनसिंग बाबूले फोन केला तं ते केवढे खुश! "अरे वा! घरातला पगार गेला? मंग तं आजी पुन्हा पात्र झाली! उद्याच ये!"

आजीले अजून सांगतलं नाई म्या. कसं सांगू? ती माह्या नोकरीसाठी काय सोडन याचा भरवसा नाई, पानी बी सोडन! म्हनून रोज सकाळी डबा घेऊन निघतो, बसमंधी बसल्यासारखं करतो, अन् इथं तुमच्यापाशी येऊन बसतो. तुमी विचारलं ना मघाशी, की अबे पुनीत, सोमवारी अकरा वाजता तू चहाच्या टपरीवर कसा? तं असा.

चला, सरका जरा, डबा खाऊ द्या. भरलेला वापस नेला तं आजी विचारते.